‘जास्त मेगापिक्सेल, जास्त झूम, भारी कॅमेरा’ हा मेसेज पुढं ढकलायच्या आधी हे वाचा

गेले दोन महिने आमच्या तालमीच्या ग्रुपवर, घरच्या ग्रुपवर, शाळेच्या जुन्या पोरांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, ‘छोटा डिजिटल कॅमेरा घेताय? फसू नका!’ म्हणून. मुद्दे पाच. मेगापिक्सेल जितके जास्त तितका फोटो चांगला. ४० एक्सच्या खालचा झूम बघूच नका. शिकायचं असेल तर पहिल्या दिवसापासून फुल मॅन्युअल (सगळं आपल्या हातानं लावायचं), ऑटो म्हणजे पोरखेळ. चांगला मोबाईल असेल तर यातलं काहीच घेऊ नका. आणि घेतलाच तर लेन्स पुढं येते तोच खरा कॅमेरा. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण आमच्या दाजींनी हा मेसेज वाचून कॅमेरा घेतला आणि पोराच्या पहिल्या मोठ्या कुस्तीचे फोटो हातचे गेले, ते परत मिळत नाहीत, म्हणून एकेक मुद्दा धरून लिहितोय.

आधी मेगापिक्सेल. हा मुद्दा लवकर संपतो कारण साधा गुणाकार आहे. भिंतीवर लावायला आपण मोठ्यात मोठा फोटो काढतो तो १२ बाय १८ इंची. इंचाला २०० ठिपके, म्हणजे पिक्सेल, धरले तर २४०० गुणिले ३६००, म्हणजे ८६ लाख पिक्सेल, आणि दहा लाखांचा एक मेगापिक्सेल, म्हणजे नऊ मेगापिक्सेलच्या आतच भागलं. फोर-के टीव्हीला ८३ लाख लागतात. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स एवढा मोठा असतो पण तो आपण रस्त्याच्या पलीकडनं बघतो, त्यालाही याहून जास्त लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तर फोटो दाबून आणखी बारीक होतो. आता छोटा कॅमेरा कुठलाही घ्या, नाव असलेल्या कंपनीचा असेल तर १२ ते २० मेगापिक्सेल त्यात असतातच. खरं बघायचं ते सेन्सरचं, म्हणजे आत उजेड टिपणाऱ्या पट्टीचं, माप. स्वस्तातल्या आणि लांब झूमच्या बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये (छोट्या कॅमेऱ्यांत) सेन्सर असतो साधारण ६.२ बाय ४.६ मिलीमीटर, म्हणजे अख्ख्या मसुराएवढा. ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलीमीटर (इंच वगैरे काही नाही, जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या नळीवरनं आलेलं नाव आहे ते), क्षेत्रफळ चौपट. दोन्हीवर २० मेगापिक्सेल बसवले तर मसुरावर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उजेड पावपटच येणार, आणि संध्याकाळी फोटोत जे मीठ-मिरची भुरभुरल्यासारखं दिसतं ते तिथनं येतं. ऑनलाइन ते चार-पाच हजारांत ‘४८ मेगापिक्सेल फोर-के’ लिहिलेले कॅमेरे मिळतात ना, त्यातल्या बहुतेकांत सेन्सर लहानच असतो आणि आकडा सॉफ्टवेअरनं ताणून मोठा केलेला असतो. लहान पोराला खेळायला ठीक आहे, लग्नाला नेऊ नका.

झूमवर मात्र जरा थांबतो, कारण नुकसान इथं झालं.

दाजींनी ४० एक्सवाला घेतला. कंपनीचा दोष नाही, कॅमेरा त्याच्या कामाला चांगलाच आहे. मैदान संध्याकाळचं, लाल मातीवर दिवे लागलेले, भाचा खाली उतरला. दाजी बसले होते मागं आणि तिथनंच झूम पार शेवटपर्यंत ताणला. घरी आल्यावर मला फोन, "हे बघ की जरा, ह्यात पोराचं तोंडच दिसंना." बघितलं तर भाच्यानं पट काढला (समोरच्याचा पाय धरून ओढायचा डाव) तो क्षण बरोबर धरलाय, वेळ अजिबात चुकली नाही, पण फोटोत चड्डीचा निळा रंग आणि त्याच्या भोवती लाल धूर, बाकी काही नाही. फोटोची माहिती उघडली. छिद्र (लेन्सचं उजेड आत सोडणारं तोंड, एफचा आकडा मोठा तितकं ते बारीक) एफ ६.९, शटर (किती सेकंद उघडं राहिलं) १/३०, आयएसओ (आलेला उजेड कॅमेरा किती वाढवून घेतो) १६००. तिथंच सगळं कळलं. अशा लांब झूमच्या छोट्या कॅमेऱ्यांत झूम न करता छिद्र एफ ३.३ च्या आसपास असतं आणि पूर्ण ताणलं की एफ ६.९ वर येतं, म्हणजे आत येणारा उजेड पावपटीपेक्षाही कमी. मग कॅमेरा बिचारा शटर जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि १/३० सेकंदात पैलवान कुठल्या कुठं जातो.

हाच फोटो एफ २.८ वर काढला असता तर सहापट उजेड, म्हणजे १/३० च्या जागी १/१८०, आणि आयएसओ दुप्पट केला की १/३६०. तेवढ्यात पट काढलेला पाय जागेवर थांबतो. कॅनन जी७एक्स मार्क ३ हा २०१९ चा कॅमेरा, त्याचा झूम फक्त ४.२ एक्स आहे, मेसेजवाल्याच्या हिशोबानं टाकाऊ, पण तो झूम पूर्ण ताणल्यावर पण एफ २.८ वरच राहतो आणि आत एक इंची सेन्सर आहे. सोनीचा पहिला आरएक्स१०० २०१२ चा, तो झूम न करता एफ १.८ देतो पण ताणला की एफ ४.९ होतो, तेव्हा डब्यावरचा एक आकडा बघून भुलू नका, दोन आकडे लिहिलेले असतात ते दोन्ही वाचा. आणि फुकटचा उपाय सांगायचा तर दाजींनी त्याच कॅमेऱ्यानं पुढं मातीच्या कडेला बसून झूम न लावता काढला असता तरी चौपट उजेड मिळाला असता.

मग ४० एक्स वाईटच का? नाही. तो कॅमेरा आता आमच्या आत्याकडं आहे. ती सकाळी रंकाळा तलावावर फिरायला जाते, कठड्यावर कोपर टेकून पाण्यातले पक्षी टिपते, ऊन चांगलं असतं, बगळा तासभर एका पायावर उभा असतो, तिथं त्या झूमला तोड नाही. तिची अडचण वेगळीच निघाली, उन्हात मागची स्क्रीन दिसत नाही आणि चष्मा वर-खाली करावा लागतो. तिला खरं तर डोळ्याला लावून बघायचा व्ह्यूफाइंडर असलेला पाहिजे होता. निकॉन पी९५० मध्ये तो आहे आणि झूम ८३ एक्स आहे, पण वजन किलोभर, खिशात मावत नाही आणि आत्याच्या मनगटाला झेपणार नाही. अख्ख्या मेसेजमध्ये हे कुठंच विचारलेलं नाही, की फोटो कशाचे काढायचेत आणि बटण दाबणारा माणूस कोण आहे.

‘पहिल्या दिवसापासून मॅन्युअल’ ह्या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. ह्यानं किती जणांनी हौसेनं घेतलेला कॅमेरा कपाटात टाकलाय. नवशिक्यानं पी मोडवर (छिद्र आणि शटर कॅमेराच ठरवतो) ठेवावा आणि एकच बटण शिकावं, फोटो उजळ-गडद करायचं अधिक-उणेचं. पांढरा फेटा बांधलेला माणूस उन्हात उभा केला की कॅमेरा फसतो आणि सगळा फोटो राखाडी करतो, तेव्हा अधिककडं एक घर सरकवायचं. काळ्या पाषाणातल्या देवळासमोर उलटं होतं, दगड उगाच फिका पडतो, तिथं उणेकडं. महिनाभर एवढंच करा. कुस्ती, फुटबॉल काढायचं असेल तर शटरचा एस मोड (शटर आपण ठरवायचं, छिद्र कॅमेरा बघतो), १/५०० ठेवायचं आणि आयएसओ ऑटो. फुल मॅन्युअल कधी लागलंच तर लागेल, मला वर्षातनं चार-पाच वेळा लागतं. म्हणून घेताना मोड किती आहेत ते मोजू नका, ते अधिक-उणे अंगठ्याला सापडतं का मेनूत तीन पायऱ्या खाली आहे, ते दुकानात हातात धरून बघा.

मोबाईलचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो मान्य करायलाच पाहिजे. चांगल्या मोबाईलचा मुख्य सेन्सर आता त्या मसुराएवढ्या सेन्सरपेक्षा मोठा असतो, शिवाय तो पटापट बरेच फोटो घेऊन एकात मिसळतो, त्यामुळं रात्री स्थिर गोष्टीचा फोटो मोबाईलवर सरस येतो. तेव्हा दहा-बारा हजारांचा साधा कॉम्पॅक्ट फक्त ‘फोटो चांगले येतील’ म्हणून घेत असाल तर घेऊ नका, पैसे राखा. पण खरा ऑप्टिकल (भिंगानं होणारा) झूम, चार माणसांचे चेहरे अंधारात उजळणारा झेनॉन फ्लॅश, आणि दिवसभर फोटो काढून पण फोन करायला शिल्लक राहिलेली बॅटरी, ह्या गोष्टी वेगळ्याच. (छोट्या कॅमेऱ्याची बॅटरी अडीचशे फोटोंच्या आसपास संपते, दुसरी घेऊन ठेवा.) दाजींना मी जुना एक इंचीवाला बघून द्यायचं ठरवलंय. दुकानात आपलं मेमरी कार्ड घेऊन जायचं, झूम पूर्ण ताणून कोपऱ्यातल्या अंधाराचे चार फोटो काढायचे आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघून मगच पैसे द्यायचे.

आता तो लेन्स पुढं येणारा ‘खरा कॅमेरा’. लेन्स आत-बाहेर होते तेव्हा हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर जे असेल ते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत हवेत काय असतं ते आपल्याला सांगायला नको. गुलाल आत जाऊन सेन्सरवर बसला की प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी डाग येतो आणि छोटा कॅमेरा घरी उघडून पुसता येत नाही. तिथं सासनकाठ्यांचे (यात्रेत नाचवतात त्या उंच काठ्यांचे) फोटो काढायचे असतील तर ओएम सिस्टिमचा टीजी-७ सारखा बंद अंगाचा कॅमेरा पाहिजे, त्याची लेन्स बाहेर येतच नाही, धूळ आत जात नाही, पाण्यात १५ मीटर चालतो. सेन्सर मसुराएवढाच आणि मेगापिक्सेल फक्त १२, मेसेजच्या हिशोबानं नापास, पण डोंगरावरनं लालभडक होऊन घरी आल्यावर सगळी झाकणं लॉक आहेत बघायचं आणि नळाखाली धरायचा.