मेकफाइलला हात लावू नको, भावा

पंगतीत तांबडा रस्सा मिळमिळीत वाटला म्हणून कुठला कोल्हापूरकर यजमानाच्या पातेल्यात चटणी ओतत नाही. जे काय करायचं ते स्वतःच्या वाटीत. पण तोच भाऊ राजारामपुरीतल्या ऑफिसात बसला, की परक्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कसा बांधायचा ते ‘मेक’ या अवजाराला सांगणाऱ्या फाइलमध्ये, चार ओळी बिनधास्त घुसडतो. मग नवी आवृत्ती ओढली की त्यांचे-आपले बदल एकमेकांवर आदळून मर्ज कॉन्फ्लिक्ट, आणि चहा गार.

पुष्कळ लेखकांनी वाटीची सोय केलेली असते: ‘-इन्क्लूड लोकल.एमके’, म्हणजे तुमच्या ओळी लोकल.एमके या तुमच्याच फाइलमध्ये लिहा, मेक त्या आत घेतो. पुढच्या त्या आडव्या रेघेमुळे फाइल नसली तरी मेक कुरकुर करत नाही. फाइलच्या नावात तुमचं एक अक्षर चुकलं तरीही करत नाही. बसा शोधत.

ही ओळ मेकफाइलच्या माथ्यावर असेल, तर तुमच्या फाइलमधलं पहिलं टारगेट (मेकनं करायचं काम) डिफॉल्ट होतं आणि नुसतं ‘मेक’ म्हटलं की प्रकल्प बाजूला राहून तुमचंच काहीतरी चालतं. तिथं ‘.डिफॉल्ट_गोल := ऑल’ लिहायचं. ओळ तळाला असेल, तर वर := नं आधीच ठरलेल्या किमती तुमच्या नव्या प्रीफिक्सला (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरात बसवायचा त्याला) भीक घालत नाहीत.

खरा नाद कोलनचा. ‘इन्स्टॉल’ या टारगेटपुढं प्रकल्पाच्या आणि तुमच्या अशा दोन्ही फाइलींत एकच कोलन आणि दोन्हीकडं कृती (टारगेटखालच्या आज्ञा), तर नंतरची जिंकते: प्रकल्प राहतो बाहेर, तुमची एकुलती कॉन्फिग फाइल तेवढी बसते. इशारा येतो, पण तो वाचतंय कोण? दोन्हीकडं :: असेल तर दोन्ही कृती चालतात. एकीकडं : आणि दुसरीकडं :: असेल, तर मेक जागेवर बसकण मारतो. लेखकानं एकच कोलन दिला असेल, तर कृती न लिहिता ‘इन्स्टॉल: आमचं-इन्स्टॉल’ एवढंच जोडावं. मात्र ते मूळ कृतीच्या आधी चालतं, म्हणून फोल्डर आपणच ‘एमकेडिर -पी’ या आज्ञेनं करायचं.

कृतीची ओळ टॅबनंच सुरू करायची, हे दुखणं 1976 पासूनचं, बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांची देणगी. कृतीआधी आठ स्पेस दिल्या, तर ग्नू मेक (मेकचाच ग्नू प्रकल्पातला अवतार) विचारतो, ‘टॅब म्हणायचं होतं का?’ कळलंय ना, मग घे की बाबा!

चालवण्याआधी ‘मेक -एन’ करून, म्हणजे आज्ञा न चालवता नुसत्या दाखवून, बघावं, पण भरवसा अर्धाच. ज्या ओळीत ‘$(मेक)’ या व्हेरिएबलनं दुसरा मेक बोलावलाय, ती ओळ -एन असतानाही खरोखर चालते. त्याच ओळीत आधी ‘आरएम -आरएफ’ ही न विचारता पुसून टाकणारी आज्ञा असेल, तर नुसतं बघता बघता फोल्डर साफ.