गुळाच्या खड्याने दगडाची धूळ छातीतून उतरत नाही

गेल्या रविवारी बहिणीकडे गेलो, तेव्हा दहावीतला भाचा गॅलरीत बसून, नाकातोंडाला ओला रुमाल बांधून, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या ग्राइंडरने, म्हणजे फिरत्या चकतीच्या विजेच्या यंत्राने, अकीक हा गारगोटीसारखा कठीण दगड घासत होता. तुळशीच्या पानांवर आणि दोरीवरच्या कपड्यांवर पिठासारखा पांढुरका थर बसला होता. विचारल्यावर त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला संदेश दाखवला. नदीतल्या दगडांना घरीच आरशासारखी चकाकी आणायची असेल, तर ग्राइंडर कोरडाच चालवा, पाणी लावल्यास विजेचा धक्का बसेल, हाताला आड येणारा गार्ड, म्हणजे चकतीवरचे संरक्षक झाकण, काढून टाका, ओला रुमाल बांधा आणि काम संपल्यावर गुळाचा खडा खा, म्हणजे छातीतली धूळ उतरते, असे त्यात लिहिले होते. हाच संदेश मलाही तिघांनी पाठवला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवे होते.

गुळाचा सल्ला यातला सर्वांत घातक आहे, कारण तो ऐकून माणूस निर्धास्त होतो. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात जाते. अकीक, गारगोटी, जास्पर हे सगळे दगड मुळात सिलिकाच, म्हणजे वाळूतलाच मुख्य घटक, आहेत. घासताना त्यांचे चार-पाच मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण हवेत उडतात आणि थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या चिमुकल्या पिशव्यांपर्यंत पोचतात. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या आकाराची कल्पना यावी. वायुकोशांतल्या संरक्षक पेशी हे कण गिळतात आणि स्वतःच मरतात, आणि हे वारंवार घडत राहिले की त्या जागी वण धरतो. हाच सिलिकोसिस. वण धरलेले फुप्फुस पूर्ववत करणारे औषध नाही आणि अशा रुग्णाला क्षय होण्याचा धोकाही वाढतो. गुजरातेत खंभातला अकीक घासण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत चालत आला आहे, आणि तिथल्या कारागिरांना हाच आजार जडत आला आहे. गुळाने धूळ उतरत असती, तर खंभातला गुळाचा तुटवडा नव्हता.

लखनौच्या शास्त्रज्ञांचा उंदरांवरचा एक प्रयोग 1994 साली प्रसिद्ध झाला आणि गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून कण बाहेर सरकायला मदत झाल्याचे त्यात आढळले, एवढे मान्य करतो. परंतु उंदरांवरच्या एका प्रयोगाच्या आधारावर पंधरा वर्षांच्या मुलाला धुळीत बसवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिकाची धूळ 1997 सालीच माणसाला निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे.

रुमालाबद्दल फार लिहायची गरज नाही. भाच्याचा रुमाल सोडून उलटा केला, तर आतल्या बाजूला, नेमके नाकपुड्यांखाली, दोन करडे डाग होते. कापडाच्या विणीतून हे कण सहज जातात. किमान एन-95 मास्क हवा, तोही गालाला घट्ट बसणारा. दाढी असेल तर कडेने हवा शिरतेच.

पाणी लावल्यास विजेचा धक्का बसेल, हे संदेशातले म्हणणे मात्र अर्धे खरे आहे. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतणे जिवावर बेतू शकते. पण त्यावर कोरडे घासणे हा उपाय नव्हे. पाण्याची नळी जोडलेले, खास ओल्या कामासाठी बनवलेले पॉलिशर मिळतात. ते विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरच चालवावेत. हवेच्या दाबावर चालणारे पॉलिशरही असतात.

गार्ड काढण्याचा सल्ला देणाऱ्याने ग्राइंडरवरची पाटी वाचलेली दिसत नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो, म्हणजे चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने फिरते. त्या वेगात चकती फुटली, तर तुकडा आणि चेहरा यांच्या मध्ये फक्त गार्ड असतो. शिवाय दगड घासायचे, हिऱ्याची भुकटी बसवलेले पॅड बहुधा मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांपर्यंतच चालवायचे असतात. लहान दगड हातात धरून घासू नये, सैल हातमोजे घालू नयेत.

भाचा आता जाड काचेवर वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर, ठेवून, पाणी घालत हातानेच घासतो. 220 नंबरच्या खरखरीत कागदापासून सुरुवात करून 400, 600, 1000 असा अधिकाधिक बारीक कागदाकडे चढत जातो. अकीक कठीण असल्याने एका बाजूलाच कित्येक दिवस लागतात. घासताना होणारा चिखल वाळला की त्याची पुन्हा तीच धूळ होते, म्हणून तो ओला असतानाच पुसायचा आणि ते फडके झटकायचे नाही, हे त्याला बजावले आहे. गॅलरीही त्या दिवशी आम्ही झाडू न लावता ओल्या फडक्यानेच पुसून काढली, तुळशीचे एकेक पान धरून.