'पोरांना यात कशाला ओढता?' : एका बापाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया येऊन आठवडा झाला. आभार मानून मोकळं व्हावं अशी ती नव्हती, म्हणून उत्तराला उशीर लागला.

ज्यांच्या वाचनात आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी हवामानबदलाच्या कामात उतरावं असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं, आणि त्यात 'न्याय्य स्थित्यंतर' हा शब्द होता, म्हणजे धंदे बदलताना त्यातल्या कामगाराला वाऱ्यावर न सोडणं. त्यावर 'एक बाप' एवढीच सही करून तुम्ही लिहिलंत: "माझा मुलगा आयटीआय करून कोळशावरच्या वीज प्रकल्पात कंत्राटी फिटर आहे. त्याच्या पगारावर घर चालतं. तुम्ही मुलांच्या हातात फलक देता आणि त्यावर माझ्या पोराची भाकरी बंद करा असं लिहिलेलं असतं. धूर करायचा अमेरिकेनं आणि निस्तरायचं आमच्या पोरांनी? त्यांना शिकू द्या, नोकरीला लागू द्या. यात कशाला ओढता?"

फलकांबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. विज्ञान शिकवते, त्यामुळे दर ५ जूनला, पर्यावरण दिनाला, मीही मुलांची फेरी काढली आहे. घोषणा झाल्या, फोटो झाले, सड्यावर, म्हणजे आमच्या कोकणातल्या कातळाच्या पठारावर, रोपं लावली. पावसाळाभर ती तरारली आणि मार्चमध्ये कातळावर करपून गेली. मुलांनी ते पाहिलं. हे काम एका दिवसाचं आणि फोटोपुरतं असतं, हा धडा त्यांना मीच दिला, आणि त्याची मला खंत आहे. अमेरिकेचंही खरं आहे. दरमाणशी हिशेब मांडला तर तिथला माणूस आपल्या कितीतरी पट कार्बन हवेत सोडतो.

पण ओढायचं आता राहिलंय कुठे? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि खाली दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. तेव्हा दहावीत असलेल्या मुलाला बापाची बाग पुन्हा उभी राहण्याची वाट बघत घरी बसता येत नाही, तो मुंबईची गाडी धरतो. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ, आणि २२ जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत. त्याच दिवशी महाडजवळच्या तळिये गावात डोंगर खाली आला. माझ्या वर्गातल्या मुलांची वह्या-पुस्तकं त्या वर्षी चिखलातून काढून खळ्यात वाळत घातली होती. ती मुलं यात आहेतच, कुणी ओढलं नाही तरी.

आता तुमच्या मुलाच्या नोकरीचं. खरं म्हणजे हे सगळं उत्तर त्यासाठीच लिहिते आहे.

माझे काका मुंबईत लालबागला एका कापड गिरणीत बदली कामगार होते, म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी काम मिळणारे. आमच्या घरी महिन्याला मनीऑर्डर यायची, त्यावर आजीचं औषध आणि आमच्या फिया भागायच्या. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातली किती घरं आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातली होती हे तुम्हाला मी सांगायला नको. काका त्या पावसाळ्यात एक पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले, ते परत कामावर गेलेच नाहीत. गिरण्या एकेक करून बंद झाल्या, त्या जमिनींवर पुढे मॉल आणि टॉवर उभे राहिले. खूप वर्षांनी गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज निघाले. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा मागत होते. काकांनी ट्रंकेच्या तळातून बदली पास काढला. कडा वाळवीनं खाल्लेल्या, नाव पुसट, सही मात्र ठसठशीत. तेवढ्यावर भागलं नाही, कारण गिरणीच्या कागदांत त्यांचं नावच सापडलं नाही. अकरा वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला माणूस कागदोपत्री तिथे कधी नव्हताच.

धंदा बदलतो, बंदही पडतो. गिरणीचं तेच झालं. पण त्या बदलाची सगळी किंमत बदली कामगारानं आणि गावाकडच्या त्याच्या बायकापोरांनी मोजली. न्याय्य स्थित्यंतर म्हणजे तसं पुन्हा होऊ न देणं. हा शब्द झाडं लावणाऱ्यांनी काढलेला नाही. अमेरिकेत तेल आणि रसायन कारखान्यांतल्या कामगारांचे एक पुढारी होते, टोनी माझोकी. पर्यावरणासाठी एखादा धंदा बंद करणार असाल तर त्यातल्या कामगाराला पगार आणि नवं शिक्षण द्या, त्यासाठी वेगळा निधी उभारा, अशी त्यांची मागणी होती. त्यातून ही कल्पना वाढली, आणि २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही आली. तुमच्या मुलाची भाकरी बंद करा असा त्याचा अर्थ कुणी सांगितला असेल तर चुकीचा सांगितला.

कोळसा उद्या बंद होणार नाही. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाला पोचू, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच परत शोषला जाईल, असं आपल्या देशानं २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केलं आहे. ते वर्ष तुम्ही-मी बघणार नाही, पण आज आठवीत असलेलं पोर तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर असेल. त्याची सगळी कमावती वर्षं या बदलात जाणार. तुमचा मुलगा कंत्राटी आहे. कंत्राटी म्हणजे आजचा बदली, असं मी मानते. आणि सौरऊर्जेत भरपूर नोकऱ्या आहेत असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पॅनेल बसवायला माणसं लागतात, एकदा बसली की राखायला फार थोडी पुरतात. म्हणूनच फिटरच्या हाताला पुढे कुठलं काम, कुठे, किती पगारावर, हे प्रकल्प धडधडत चालू आहे तोवरच विचारायचं. काकांच्या वेळी विचारणारं कुणी नव्हतं.

मुलांना मी आता काय करायला सांगते, तेही ऐका. बारावीतली एक मुलगी दोन वर्षं पाऊस मोजते आहे. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली, वरचा भाग कापून उलटा बसवलेला, बाजूला चिकटवलेली पट्टी. झाडाच्या, पागोळीच्या आडोशापासून लांब, खळ्याच्या टोकाला ठेवलेली. सकाळी बरोबर साडेआठला नोंद, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला संपतो. हे कशासाठी? आंबा-काजूच्या फळपीक विम्याची भरपाई बागेत येऊन मोहोर बघून ठरत नाही. महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावं मिळून केलेल्या गटातल्या, स्वयंचलित हवामान केंद्रावर काय नोंदलं गेलं, त्यावर ठरते. आपल्याकडे खाडीकाठी एक हवामान आणि वर सड्यावर दुसरं. गेल्या हंगामात तिच्या वाडीत अवेळी पाऊस पडला, मोहोर काळा पडला, केंद्रावर मात्र कोरडा दिवस. ती वही घेऊन कार्यालयात गेली. घरच्या बाटलीचा पुरावा चालत नाही म्हणाले, आणि नियमानं ते बरोबरच होतं.

मग विषय ग्रामसभेत आला. ती सतरा वर्षांची, मतदारयादीत नाव नाही. तिची आजी उभी राहिली, नातीची वही उघडून तारीखवार पाऊस वाचून दाखवला आणि केंद्राची जागा तपासावी असा ठराव मांडला. एरवी ग्रामसभेला कोरम भरत नाही, त्या दिवशी पडवीपर्यंत माणसं होती. केंद्र अजून जागचं हललेलं नाही. पण वाडीतल्या आणखी चार घरांत बाटल्या लागल्या आहेत, आणि ती मुलगी एकही तास बुडवून हे करत नाही. शिकू द्या म्हणता ना, टक्केवारी आणि आलेख ती यातच पक्के शिकली.

तुमच्या मुलाला माझा निरोप द्या. पगाराची पावती दर महिन्याला मिळते का, पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक, त्याच्याकडे आहे का, हजेरीपटावर नाव कुठल्या ठेकेदाराचं लागतं आणि ठेकेदार बदलला तेव्हा मागची वर्षं धरली गेली का, एवढं त्यानं एका वहीत लिहून काढावं. बरोबरच्या पोरांनाही सांगावं. कागदांच्या प्रती घरी ठेवा, ट्रंकेत नको, वाळवी लागते. आणि येत्या २ ऑक्टोबरला तुमच्या गावच्या ग्रामसभेला त्याला सुट्टी मिळाली नाही, तर ती वही घेऊन तुम्ही उभे राहा. ठरावाचा मसुदा हवा असेल तर खाली लिहा, मी त्याच दिवशी पाठवते.