आडभिंतीची डागडुजी

ख्रिस्ती श्रद्धा पाळायला तशी सोपी आहे. दहाच्या उपासनेला सव्वादहापर्यंत पोहोचावे, गीताचा क्रमांक शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावून पाहून घ्यावा, दानाची थैली जवळ आली की खिशातील सर्वांत मळकी नोट बारीक घडी घालून तीत सोडावी आणि बाहेर पडताना पाळकसाहेबांना ‘संदेश फार आशीर्वादित होता’ असे सांगावे. एवढ्यावर थांबणाऱ्या माणसाला आजवर कधी इजा झाल्याचे ऐकिवात नाही. धोका सुरू होतो तो माणूस ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवू लागला म्हणजे. कारण या श्रद्धेला भिंती पाडण्याची जुनी खोड आहे, आणि ती शेजाऱ्याच्या भिंतीपासून सुरुवात करीत नाही. हा लेख आपल्यासारख्या सावध विश्वासणाऱ्यांसाठी आहे. त्यांना तारण हवे आहे, मात्र घराचे कुंपण, कुंपणाचे फाटक आणि फाटकावरची पाटी यांना धक्का न लागता हवे आहे.

प्रथम संकट नीट ओळखावे. नव्या करारातील, इफिस नगरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की, ख्रिस्ताने दोघांना एक केले आणि मधली आडभिंत पाडली. हे दोघे म्हणजे यहूदी आणि परराष्ट्रीय, अर्थात यहूदी नसलेले. आडभिंत हा नुसता अलंकार असता तर आपण निभावून नेले असते, पण यरुशलेमेत हेरोदाने वाढवलेल्या मंदिराच्या आवारात खरोखरीचा दगडी कठडा होता, आणि परक्याने तो ओलांडल्यास ओढवणाऱ्या मरणाला तो स्वतः जबाबदार राहील, अशा ग्रीक पाट्या त्यावर लावलेल्या होत्या. त्यांतील एक अख्खी पाटी 1871 मध्ये सापडली आणि ती आज इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आपल्या सोसायटीच्या दारावरील ‘विक्रेत्यांस व अनोळखी व्यक्तींस प्रवेश बंद’ या पाटीपेक्षा ती थोडी अधिक स्पष्टवक्ती आहे, एवढेच. पौलाच्या डोळ्यांसमोर हाच कठडा असावा, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. वाटणे साहजिक आहे, कारण त्रफिम नावाच्या परराष्ट्रीयाला त्याने मंदिरात आणले, अशा नुसत्या समजुतीवर यरुशलेमेतला जमाव त्याच्या जिवावर उठला होता. आणि हा त्रफिम इफिसचाच होता.

अशा वचनातून सहीसलामत बाहेर पडण्यासाठी आपल्याकडे एक खात्रीचा शब्द आहे, तो म्हणजे ‘आध्यात्मिक’. ती भिंत आध्यात्मिक होती, ती आध्यात्मिक रीतीने पडली आणि त्यातून मिळालेले स्वातंत्र्यही आध्यात्मिक आहे, असे एकदा म्हटले की विटेला वीट लागून राहते. आमच्या मंडळ्यांमध्ये सिमेंटपेक्षा हा शब्द अधिक खपला असावा. याउपर कोणी येशूचा शिष्य पेत्र याचे उदाहरण काढलेच, तर घाबरू नये. यापो येथील घराच्या छपरावर भुकेल्या पेत्राला दृष्टान्त झाला, आकाशातून उतरलेल्या चादरीत सर्व प्रकारचे प्राणी दिसले आणि देवाने शुद्ध केलेल्याला तू निषिद्ध म्हणू नकोस, अशी वाणी त्याने ऐकली, हे खरे आहे. त्यानंतर तो कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या उंबऱ्याच्या आत गेला, हेही खरे आहे. परंतु हाच पेत्र पुढे अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या पंक्तीला बसत असताना यरुशलेमेहून याकोबाकडची माणसे आली, तेव्हा हळूच ताटावरून उठून वेगळा बसू लागला आणि त्याबद्दल पौलाने त्याला तोंडावर सुनावले. आपण आदर्श पेत्राचाच ठेवावा. फक्त यापोचा नव्हे, अंत्युखियाचा.

याउलट ज्यांनी या बाबतीत निष्काळजीपणा केला, त्यांचे काय झाले ते पाहावे, आणि त्यासाठी महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. नारायण वामन टिळक 1893 मध्ये राजनांदगावकडे निघाले असता आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. कोणी छापील काही हातात दिले तर ‘वाचतो हं’ म्हणून ते बाकावर विसरून उतरायचे असते, एवढा साधा प्रवासी शिष्टाचार टिळकांनी पाळला नाही. त्यांनी तो वाचला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र आपल्यासारख्याच व्यवहारी होत्या. पुढे त्या पतीजवळ राहायला आल्या तरी त्यांनी आपली चूल, आपले पाणी आणि आपले सोवळे निराळे ठेवले. ही व्यवस्था निर्धोक चालू असताना एके दिवशी त्या विचार करीत बसल्या आणि जाती देवाने केलेल्या नसून माणसाने केलेल्या आहेत, अशा निष्कर्षाला येऊन त्यांनी तेव्हापासून कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. कोणाचे प्रवचन नाही, कोणाचा आग्रह नाही. बाई आपल्या आपण उंबऱ्याबाहेर आली. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, म्हणजे भिंत आधी पडली आणि पाणी मागाहून आले. आपल्याकडे हा क्रम फार शहाणपणाने उलटा केलेला आहे. पाण्याचे काम तान्हेपणीच उरकून टाकतात, आणि भिंतीचा विषय पुढे लग्न ठरवण्याच्या वेळीच निघतो, तोही ती किती उंच आहे हे एकमेकांना दाखवण्यापुरता.

टिळकांचा तर पुढे इतका तोल गेला की, हिंदू समाजाची भिंत ओलांडून झाल्यावर त्यांना खुद्द मिशनची भिंतही दिसू लागली. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंनाही ख्रिस्ताचे म्हणून जागा होती. सभासदांची वही, वर्गणीची पावती आणि मतदारयादी यांवाचून मंडळी कशी चालावी, हा प्रश्न त्यांना पडला नाही. आपल्याला तो दर निवडणुकीला पडतो. भिंती पाडण्याचे व्यसन लागले की पगार सुटतो, ही गोष्ट तरुणांनी विशेष ध्यानात घ्यावी.

पंडिता रमाबाईंची चूक याहूनही किरकोळ दिसते, आणि म्हणूनच ती अधिक धोक्याची आहे. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला नेले. तेथे मुलींचे सोवळेओवळे सांभाळण्याची मोकळीक होती आणि धर्माची सक्ती नव्हती. रमाबाई स्वतः मात्र आपल्या खोलीत आपल्या लेकीसह प्रार्थना करीत आणि त्या वेळी खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली त्या दारातून आत येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला आणि 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार संस्थेतून बाहेर पडले. बाईंना एक साधे दार लावून घेता आले नाही. तसे पाहिले तर सल्लागारांची बाजूही अगदीच लंगडी नव्हती, कारण ज्या मुलींना जगात दुसरा आसरा नाही त्यांच्यासमोर उघडलेले दार हे निव्वळ दार राहत नाही. पण तो वेगळा आणि गंभीर विषय आहे, आणि येथे आपल्याला केवळ कडीचा विचार करायचा आहे. कडी न लावण्याची सवय पुढे कुठवर गेली ते केडगावला दिसते. 1896 पासूनच्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या आणि मग गुजरातेतल्या मुली तेथे आणल्या गेल्या आणि रमाबाईंच्या मुक्ती सदनात सुमारे दोन हजार जीव राहू लागले. कुणी जात विचारून आत घेण्याची सोयच उरली नाही. आपण प्रार्थनेला बसताना दार लावून घ्यावे, आणि शक्य असल्यास टीव्हीचा आवाज थोडा वाढवून ठेवावा.

एवढे वाचून आपले मन धास्तावले असेल, तर धीर देणारी उदाहरणेही आपल्या परंपरेत विपुल आहेत. सतराव्या शतकात मदुरैला काम करणाऱ्या रॉबेर्तो दे नोबिली या जेसुइट धर्मगुरूने वरच्या जातींना ओळखीचे वाटावे म्हणून संन्याशाचा वेष घेतला आणि खालच्या मानल्या गेलेल्यांपासून अंतर राखले. 1623 मध्ये खुद्द पोपने नव्या ख्रिस्ती लोकांना शेंडी आणि जानवे ठेवण्याची मुभा दिली. तमिळनाडूतील वडक्कनकुलम येथे तर एकोणिसाव्या शतकात चर्चच अशा बेताने बांधले की, दोन दालने कोनात येऊन वेदीपाशी मिळावीत. वेदी एक, प्रभू एक, पण या जातीने त्या जातीचे तोंड पाहण्याची गरज नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बिशपने ही व्यवस्था मोडली, तेव्हा वरच्या जातीचे विश्वासणारे आपली भिंत परत मिळावी म्हणून न्यायालयात गेले आणि मद्रास उच्च न्यायालयात हरले. ख्रिस्ताने पाडलेली भिंत पुन्हा बांधून मिळावी म्हणून न्यायाधीशापुढे उभे राहण्यास केवढी निष्ठा लागत असेल! गोव्यात बामण, चारडो आणि सुदिर हे जातींचे शब्द बाप्तिस्म्याच्या पाण्यात चारशे वर्षे भिजूनही विरघळले नाहीत, आणि कोणत्या कन्फ्रारियाने, म्हणजे चर्चमधल्या बंधुसंघाने, सणाला कोणता झगा घालायचा यावरून काही गावांत भांडणे झाली आहेत. आपण मराठी प्रॉटेस्टंट गोव्याला हसतो आणि घरी येऊन वधूवरांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहितो: ‘मुलगी प्रभूच्या भयात वाढलेली, नोकरी करणारी असावी. बाकी अट नाही. मूळ गाव व आजोबांचे आडनाव कळवावे.’

हे झाले सामाजिक कुंपण. स्वतःभोवतीच्या कुंपणासाठी हल्ली आपल्याला ‘स्पेस’ हा नवा शब्द मिळाला आहे, आणि पूर्वजांना सोवळ्याने जे साधत असे ते आपल्याला त्याने साधते. मंडळीतील कोणी आजारी पडले आणि रात्री दवाखान्यात सोबत बसायला माणूस हवे असेल, तर ‘मी सध्या माझी स्पेस जपतो आहे, पण प्रार्थनेत आठवण करीन’ असे उत्तर द्यावे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची आहे खरी, पण कोणता शेजारी, हे विचारण्याची पद्धत नियमशास्त्राच्या एका पंडिताने घालून दिलेली आहेच. त्याला येशूकडून मिळालेल्या उत्तरातील शोमरोनी, म्हणजे यहूद्यांना परका वाटणाऱ्या, माणसाने वाटेत पडलेल्याला उचलले, आपल्या जनावरावर घातले आणि उतारशाळेत पैसे भरून वर उधारीही कबूल केली. त्याला कुणीतरी वेळेवर ‘नाही म्हणायला शीक’ असे सांगायला हवे होते.

मात्र आपले कुंपण जपताना दुसऱ्याचे मोडायला आळस करू नये. त्यासाठी ‘प्रार्थनाविषय’ ही अत्यंत कामाची सोय आहे. अमुक घरातील मुलगा रात्री उशिरा येतो, तमक्या बाईंना अद्याप मूल नाही, ढमक्याची नोकरी सुटली की काढली याबद्दल दोन मते आहेत, हे नुसते बोलले तर चहाडी होते. पण डोळे मिटून, ‘हे प्रेमळ पित्या’ असे आरंभी म्हणून बोलले तर तीच मध्यस्थीची प्रार्थना होते. बुधवारच्या घरप्रार्थनेत मी एका काकूंना नव्या सुनेच्या डोक्यावर हात ठेवून तिच्या वैद्यकीय तपासण्यांचा तपशील प्रभूला कळवताना ऐकले आहे. प्रभूला तो आधीच ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो उरलेल्या आम्हा चौदा जणांना. त्या मुलीने ‘आमेन’ म्हटले, बशीतल्या चकलीचा तुकडा मोडला आणि तो न खाता पुन्हा बशीत ठेवला. तिला जर कोणी काही नम्रपणे सांगायचे असते, तर ते दाराला कडी कशी लावावी हेच. पण हा लेख काकूंसाठी आहे, म्हणून पुढे जाऊ.

सर्वांत बिकट प्रसंग पवित्र गुरुवारचा, म्हणजे येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीच्या दिवसाचा. वर्षभर जपलेले सगळे कुंपण त्या एका संध्याकाळी घमेले, तांब्या आणि टॉवेल यांच्यासमोर उघडे पडू शकते. पूर्वी पाळकसाहेब बारा वडील मंडळींना पुढे बोलावून त्यांचे पाय धूत, आणि ते आम्हाला मान्य होते, कारण निवडलेले बारा जण घरून साबणाने पाय घासून, नखे कापून, कोरे मोजे घालून येत. पण दोनतीन वर्षांपूर्वी आलेल्या एका तरुण पाळकाने कल्पना काढली की, या वेळी प्रत्येकाने आपल्या शेजारी बसलेल्याचे पाय धुवावेत. माझ्या शेजारी त्या दिवशी मंडळीचे आवार झाडणारे बाबा बसले होते. एरवी ते मागल्या बाकावर बसतात. त्या दिवशी पंखा बंद होता म्हणून पुढे आले होते. त्यांच्या टाचांना भेगा होत्या आणि भेगांत आवारातली तांबडी माती होती. मला ते पाय धुणे जमले असते, असे मी आजही स्वतःला सांगतो. जमले नसते ते दुसरे: त्यांनी माझे पाय हातात घेणे. त्यांनी तांब्या उचलला, गुडघा टेकण्यासाठी एक हात बाकावर ठेवला आणि वर माझ्याकडे पाहून, ‘साहेब, बूट काढा,’ म्हणाले.

तेव्हा माझा सल्ला असा आहे की, पवित्र गुरुवारी लेस असलेले बूट घालावेत आणि घरीच दुहेरी गाठ मारून निघावे. ती सोडवण्यासाठी खाली वाकले की चेहरा कोणाला दिसत नाही, आणि नखाने गाठ उकलण्याचा प्रयत्न करीत राहिले तर गीताची पाच कडवी सहज निघून जातात. सहाव्या कडव्याला मी मान वर केली तेव्हा बाबा तांब्या धरून तसेच बसलेले होते, आणि पाणी निवले असेल म्हणून त्यात बोट घालून पाहत होते.