सायकलवाले नियम पाळत नाहीत म्हणे

परवा पुन्हा तेच. चार माणसं जमली होती, मी सायकलवरून आलोय हे हेल्मेटवरून कळलं आणि एकाने लगेच सुरू केलं, "तुम्ही सायकलवाले ना, सिग्नल कशाशी खातात ते तुम्हाला माहीतच नसतं." मी गप्प बसलो. एक तर ओळख नवीन होती, आणि दुसरं म्हणजे, आता लपवून काय करू, त्याच आठवड्यात मी लाल सिग्नल तोडला होता.

तो किस्सा आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. सकाळची वेळ, रस्ता रिकामा, आणि सिग्नल बरोबर चढ संपतो तिथे. ज्यांनी सायकल चालवलीये त्यांना कळेल, चढ मारून वर आल्यावर जी काही गती उरलेली असते ती स्वतःच्या मांड्यांतून काढलेली असते, ती ब्रेक दाबून फुकट घालवायची अगदी जिवावर येतं. दोन्हीकडे बघितलं, एकही गाडी नाही, घातली तशीच पुढे. आणि झेब्रावर एक आजी. काठी टेकत निम्म्यापर्यंत आलेल्या. मला त्या दिसल्याच नव्हत्या, कारण मी गाड्या शोधत होतो, माणूस शोधतच नव्हतो! ब्रेक करकचून दाबले, मागचं चाक सरकलं, आजींच्या चपलेपासून हातभरावर थांबलो. त्या ओरडल्या नाहीत की काही नाही. काठी उचलून मला फक्त लाल दिवा दाखवला आणि चालायला लागल्या. दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मग तेव्हापासून डोक्यात घोळतंय की त्या क्षणी मी त्या आजींसाठी नेमका कोण होतो. सायकलवाला वगैरे नाही, अंगावर आलेलं वाहन. मोठ्या गाडीवाल्याबद्दल मी रोज जे बोलतो तेच सगळं मला लागू. रस्त्यावर प्रत्येकाच्या वर कोणीतरी असतं आणि खाली कोणीतरी असतं, आणि गंमत अशी की सगळ्यांना फक्त वरचाच दिसतो. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या नियमांच्या पुस्तकात, ही उतरंडच लिहून टाकली, ज्याच्या हातून जास्त नुकसान होऊ शकतं त्याच्यावर जबाबदारी जास्त, ट्रकपासून सुरू होऊन सायकलपर्यंत, आणि सगळ्यात आधी जपायचा तो पायी चालणारा.

आता थोडा हिशोब करू. बाराशे किलोची कार ५० च्या स्पीडने चाललीये आणि ८५ किलोचा सायकलस्वार (सायकल धरून, माझं वजन विचारू नका) २० ने चाललाय. कारची गतिज ऊर्जा सायकलच्या साधारण ८८ पट. वजन चौदापट आणि वेग अडीचपट, पण वेगाचा वर्ग होतो ना, तिथेच सगळा घोळ. म्हणून "दोघांनीही नियम सारखेच पाळायला हवेत" हे वाक्य बरोबर असलं तरी दोघांनी नियम मोडल्यावर सारखंच काही होत नाही. अर्थात ८८ पट कमी म्हणजे शून्य नव्हे, हे मला आजींनी शिकवलं.

आणि नियम मोडणं म्हणजे काय, याची प्रत्येकाची यादी वेगळी असते हो. मीही कार चालवतो, म्हणून सांगतो. ५० ची पाटी असताना ६० ने जाणं हे कारमध्ये बसल्यावर नियम मोडणं वाटतच नाही, सगळे जातायत म्हणून आपणही जातो. सायकलच्या लेनमध्ये "दोनच मिनिटं" गाडी लावणं. इंडिकेटर वळून झाल्यावर देणं, म्हणजे बातमी दिल्यासारखं! यातलं काही नजरेत भरत नाही, पण लाल दिव्यातून निघालेला सायकलवाला लांबूनही दिसतो, आणि दिसतो म्हणून लक्षात राहतो. मग त्या एकाचं बिल सगळ्या सायकलवाल्यांच्या नावावर फाटतं. कारवाल्याने सिग्नल तोडला तर तो एकटा मूर्ख, सायकलवाल्याने तोडला तर आख्खी जमात.

ज्यांनी बऱ्याच वर्षांत सायकल चालवली नाहीये त्यांच्यासाठी ओव्हरटेकचं जरा नीट सांगतो. तुम्हाला वाटतं की घासलं नाही म्हणजे झालं. सायकलवर काय होतं ऐका. आधी मागून आवाज वाढत जातो, मग हँडल हातात हलतं कारण मोठ्या गाडीने ढकललेली हवा आधी बाहेर लोटते आणि गाडी पुढे निघून जाताना आत ओढते, ट्रक असेल तर चांगलीच ओढते, आणि नेमक्या त्याच क्षणी पुढे खड्डा आला तर मला जागाच नसते. सायकल सरळ रेषेत जात नाही, ती डुलतच तोल सांभाळते, दोन्ही बाजूंना थोडी जागा लागतेच. जर्मनीत २०२० पासून गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडणं बंधनकारक आहे. दीड मीटर म्हणजे किती, तर एक हात पूर्ण बाजूला पसरा आणि त्यापुढे अजून तेवढंच. तेवढी जागा नसेल तर मागे थांबायचं, दहा सेकंद जातील फार तर, आणि ते दहा सेकंद पुढच्या सिग्नलला मी तुमच्या शेजारी येऊन उभा राहतो तेव्हा वसूल होतातच.

"मग अगदी कडेने चालव ना, मध्ये कशाला येतोस?" हे हॉर्नच्या भाषेत रोज ऐकतो. कडेला काय असतं माहितीये? गटाराच्या जाळ्या, काचांचे तुकडे, वाळू, आणि उभ्या गाड्यांची रांग. त्या रांगेतलं कुठलं दार कधी उघडेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दार उघडलं की एक तर दारावर आपटायचं नाहीतर चुकवायला जाऊन मागून येणाऱ्या गाडीखाली. म्हणून शहाणा सायकलवाला दाराएवढं अंतर सोडून चालवतो आणि तुम्हाला तो मुजोर वाटतो. याला एक फुकटातला उपाय आहे, दार उघडताना दाराकडचा हात वापरायचाच नाही, लांबचा हात वापरायचा, खांदा आपोआप वळतो आणि मागचं दिसतं. डच रीच म्हणतात याला. मी घरच्यांना लावलीये सवय, दोन आठवडे चिडचिड झाली, मग बसली.

आता आमच्या लोकांकडे वळतो, आणि इथे काही मित्र चिडणार आहेत. सिग्नल तोडण्याइतकाच, माझ्या मते जास्तच, वाईट प्रकार म्हणजे राँग साइडने येणं आणि रात्री दिव्याशिवाय फिरणं. राँग साइडवाल्यांचं ठरलेलं उत्तर, "समोरून येणारी गाडी दिसते ना, म्हणून सेफ." अरे बाबा, तू २० ने जातोयस, गाडी ४० ने. एकाच दिशेला असता तर ती तुझ्या जवळ २० ने आली असती, समोरासमोर ती ६० ने येते, म्हणजे विचार करायला वेळ एक तृतीयांश. आणि गल्लीतून बाहेर पडणारा ड्रायव्हर ट्रॅफिक जिकडून येतं तिकडेच बघतो, तू त्याच्या पाठीकडून उगवतोस. मी स्वतः कारमधून असाच एक पोरगा शेवटच्या क्षणी पाहिलाय, कानात इअरफोन, हात मोकळे सोडलेले. त्याला काही झालं नाही पण मी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं नुसता बसून होतो.

आणि वळणाऱ्या ट्रकच्या आतल्या बाजूला घुसू नका रे. हा नियम वगैरे राहू दे बाजूला, वळताना ट्रकचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेवरून जात नाही, आतून कापत जातं. पुढचं निघून गेलं, जागा आहे, असं वाटतं आणि तीच जागा मागचं चाक घेतं. ड्रायव्हरला आरशात तुम्ही दिसतही नसता. तुम्ही बरोबर होता की चूक हे नंतर दुसरे लोक ठरवतील.

इतकं सगळं बोलून परत त्या चढावरच्या सिग्नलकडे येतो, कारण आजी नसत्या तर ते थांबणं खरंच गरजेचं होतं का, हा प्रश्न काही चुकीचा नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ मध्येच कायदा केला की स्टॉपच्या पाटीपाशी सायकलवाल्याने वेग कमी करायचा, बघायचं, दुसऱ्याचा हक्क असेल तर थांबायचं, नाहीतर पुढे जायचं. डेलावेअरने २०१७ मध्ये तसंच केलं, मग अजून काही राज्यांनी. म्हणजे गाड्यांसाठी बनवलेला नियम सायकलला बसत नसेल तर तो बदलता येतो. नेदरलँड्सवाले दुसऱ्या बाजूने गेले, तिथे कार आणि सायकलची टक्कर झाली तर नुकसानभरपाईचं ओझं आधी कारवाल्यावर, सायकलस्वाराची चूक निघाली तरी मोठ्या माणसाला साधारणपणे निदान निम्मी भरपाई, आणि १४ वर्षांखालच्या मुलाला जवळजवळ नेहमीच पूर्ण. (याचा अर्थ ड्रायव्हर गुन्हेगार ठरतो असा नाही, हा प्रश्न पैशांचा आहे, लोक उगाच गोंधळ करतात.) पण आयडाहोतही समोर माणूस असेल तर थांबावंच लागतं, आणि मी त्या दिवशी आयडाहोमध्ये नव्हतो. सगळ्यांनी मिळून बदललेला नियम समोरच्याला माहीत असतो. मी सकाळी सहा वाजता स्वतःपुरता बदललेला नियम त्या आजींना कुठून माहीत असणार?

तर आता मी थांबतो. पण त्यातही एक वैताग आहेच. काही सिग्नल रस्त्याखाली पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावर चालतात, वर गाडीचं धातू आलं की त्याला कळतं की कोणीतरी उभंय. सायकल बरोबर त्या तारेच्या रेषेवर उभी केली तर कधी कधी कळतं, नाहीतर तुम्ही त्याच्या लेखी नाहीच. काल पहाटे असाच एका सिग्नलला उभा होतो, एकदा पुढे घेतली, एकदा मागे घेतली, आडवी लावून बघितली, आडव्या रस्त्याचा दिवा आपला हिरवाच्या हिरवा आणि तिकडे चिटपाखरू नाही. शेवटी खाली उतरलो, झेब्रापर्यंत गेलो, पायी चालणाऱ्यांचं बटण दाबलं, हिरवा माणूस लागेपर्यंत थांबलो आणि सायकल हातात धरून चालत पलीकडे गेलो. मागून एक कारवाला आला, त्याच्यासाठी दिवा लगेच हिरवा झाला, आणि जाता जाता माझ्याकडे बघून हसला.