मिशनरींच्या तिकिटांची फ्रेम : वाशीच्या वाचकांच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ठाण्यातल्या शालेय प्रदर्शनासाठी कॅथलिक मिशनरी आणि त्यांच्या शाळा या विषयाची टपाल तिकिटांची फ्रेम (तिकिटं लावलेली पानं मांडायची चौकट) कशी लावावी ते सांगताना मी फादर हेरास यांचं तिकीट 'संस्थापक' या पानावरून काढायला लावलं, तुमच्या शाळेच्या माय स्टॅम्पला (आपला फोटो शेजारी छापून मिळणाऱ्या तिकिटाला) जागा दिली नाही, आणि मुलांच्या छंदात नको इतका कीस पाडला. कीस पाडला हे खरं, आणि तो पाडायलाच हवा. पानावर जे लिहायचं ते तिकिटानं सिद्ध करता आलं पाहिजे.

हेरास यांचं 35 पैशांचं तिकीट 1981 मध्ये निघालं ते इतिहाससंशोधक म्हणून. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज जर्मन जेझुइटांनी (एका कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्र्यांनी) 1869 मध्ये सुरू केलं. स्पेनचे हेरास मुंबईत आले 1922 मध्ये, आणि 1926 मध्ये त्याच कॉलेजात त्यांनी इतिहास संशोधन संस्था उभी केली. म्हणजे संस्था काढली, पण कॉलेज नाही. 'संस्थापक' एवढंच लिहिलं की बघणारा कॉलेजच समजतो. असाच घोळ सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या 1974 च्या तिकिटाचा होतो. त्यांच्या नावाच्या शाळा देशभर आहेत, म्हणून मुलं त्यांनाच शाळाचालक ठरवतात. झेवियर 1552 मध्ये वारले, मुंबईचं कॉलेज त्यानंतर 317 वर्षांनी निघालं. त्यांचं पान जरूर करा, पण 'ज्यांच्या नावानं शाळा निघाल्या' या मथळ्याखाली.

मग संस्थापकांच्या पानावर कोण? कुरियाकोस एलियास चावरा यांचं 1987 चं 60 पैशांचं तिकीट इथे निर्धास्त लावा. केरळात मान्नानम इथे त्यांनी 1846 मध्ये संस्कृत शाळा काढली, आणि पुढे प्रत्येक चर्चला जोडून शाळा असावी असा आग्रह धरला. ते इथलेच, परदेशातून आलेले नव्हेत, हेही मुलांना कळू द्या. पान भरायला कॅनडाची तिकिटं उत्तम (कंसात तिकिटाचं साल) : मार्गरीत बुर्जुआ (1975), ज्यांची माँट्रियलमधली पहिली शाळा 1658 मध्ये दगडी तबेल्यात भरली, बिशप लाव्हाल (1973), ज्यांनी 1663 मध्ये क्वेबेकची सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, काढली, आणि मारी द लँकारनासियाँ (1981), ज्या 1639 मध्ये क्वेबेकला पोचल्या आणि मुलींची शाळा चालवू लागल्या. ही तिकिटं महाग नाहीत.

आता माय स्टॅम्प. 12 तिकिटांच्या त्या शीटमध्ये टपाल खात्याचा असतो तो साचा. शेजारचा फोटो आपण पैसे भरून छापून घेतो. तिकीट पत्राला चालतं, पण टपाल खात्यानं शाळेचा गौरव केला असं त्यावरून म्हणता येत नाही. स्मारक तिकिटाचा प्रस्ताव फिलाटेलिक सल्लागार समितीपुढे जातो. फरक तिथे पडतो. तुमच्या शाळेचं विशेष आवरण (खास प्रसंगाचं, टपाल खात्याचा खास शिक्का मारलेलं पाकीट) निघालं असेल तर ते मात्र आनंदानं लावा, कारण त्यावरचा शिक्का टपाल खात्याचा आहे. खाली 'विशेष आवरण' असं स्वच्छ लिहा, 'तिकीट' नको.

शिक्क्यावरून आठवलं : सेंट थॉमस यांचं 15 पैशांचं तिकीट 2 डिसेंबर 1964 ला निघालं. युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या मोठ्या धार्मिक मेळाव्यासाठी पोप पॉल सहावे मुंबईत उतरले तो तोच दिवस. हे पाकिटावर मिळालं तर तिकीट कापून काढू नका. तारखेसकट अख्खं पाकीट म्हणजेच त्या पानाचा जीव.

तुमच्याकडची मिंट (न वापरलेली, मागच्या गोंदासकट असलेली) तिकिटं पानाला चिकटली असं तुम्ही लिहिलंत. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमटपणात मागचा गोंद ओलावा ओढतो, आणि अल्बम आडवे एकावर एक रचले तर वजनानं चिकटतो. अल्बम उभे ठेवा, जरा सैल. पानांमध्ये ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद घाला. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रंग बदलला की गरम करून सुकवा. पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यातलं रसायन कालांतरानं कागदावर उतरतं. चिकटलेलं मिंट पाण्यात टाकलंत तर गोंद जातो आणि किंमतही. वापरलेलं तिकीट मात्र भोवती सेंटिमीटरभर कागद ठेवून साध्या पाण्यात 15-20 मिनिटं तरंगू द्यावं आणि टीपकागदावर वाळवावं. रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळ्या भांड्यात घ्या, रंग सुटला तर बाकीच्यांना लागतो.

मांडणीबद्दल : एका फ्रेममध्ये 16 पानं. पहिलं पान आराखड्याचं, आणि तेच सगळ्यात आधी लिहायचं. विषयवार संग्रहांच्या रूढ आंतरराष्ट्रीय गुणपद्धतीत विषयाच्या हाताळणीला 35, ज्ञानाला 30 गुण असतात, सजावटीला फक्त 5. वेलबुट्टी काढण्यात मुलांचा रविवार घालवण्यापेक्षा तो वेळ मथळ्यांवर घालवा. हेरास यांच्या पानावर 'मुंबईतलं इतिहाससंशोधन' असा मथळा आणि खाली 1926 हे साल पुरे. 1869 त्या पानावर येऊ देऊ नका.