हवा कमी करा म्हणे! एसयूव्हीच्या टायरवरच्या एका फॉरवर्डचा समाचार

‘हायवेवर एसयूव्ही चालवताय? टायर बदलण्याआधी हे वाचाच, दुकानदार सांगणार नाही’ अशा मथळ्याचा एक सात कलमी फॉरवर्ड सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. शेवटी अर्थातच ‘आपल्या माणसांचा जीव वाचवा, पुढे पाठवा’. असे मेसेज मी वाचून सोडून देतो. पण हा काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला, तोही ताईला उद्देशून, कारण तिच्या गाडीचे टायर बदलायला आलेत आणि तिचं बहुतेक ड्रायव्हिंग हायवेवरचं. ताई तशी शहाणी आहे. तरी तिनं नवे टायर बघायच्या आधीच पहिलं कलम अमलात आणलं आणि चारही चाकांतली हवा सहा पीएसआयनं (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) कमी करून घेतली. म्हणून हा खटाटोप.

ते पहिलं कलम असं: ‘हायवेवर टायर तापतो, आतली हवा फुगते आणि टायर फुटतो. म्हणून लांबच्या प्रवासाला निघताना कंपनीनं सांगितल्यापेक्षा पाच-सहा पीएसआय हवा कमीच ठेवा.’

ऐकायला किती पटतं! म्हणूनच ते धोकादायक आहे. तापल्यावर हवा फुगते हे खरंच. किती फुगते, ते काढून बघू. 20 अंश तापमानाला 36 पीएसआय भरलेला टायर धावून 50 अंशांवर गेला, तर दाब साधारण 41 पर्यंत जातो. म्हणजे वाढ पाचेक पीएसआयची. आता टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, बारीक अक्षरात छापलेला कमाल दाब वाचा. बऱ्याच टायरवर 44 किंवा 51 असतो, आणि तो थंड टायरसाठीचा असतो. टायर प्रत्यक्षात फोडायला लागणारा दाब त्याच्याही कितीतरी वर. धावताना दाब वाढणार हे टायर बनवणाऱ्याला आणि गाडी बनवणाऱ्याला आधीच माहीत असतं. कंपनीनं सांगितलेला दाब दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, आणि तो आकडा ती वाढ धरूनच ठरवलेला असतो. म्हणून तर तो गाडी काही तास उभी असताना, टायर थंड असताना मोजायचा.

मग हायवेवर टायर फुटतात ते कशानं? उष्णतेनंच फुटतात, पण ती येते कुठून, याचा फॉरवर्डवाल्यानं विचारच केलेला नाही. चाक फिरताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो आणि वर गेला की पुन्हा मूळ आकारात येतो. एसयूव्हीच्या साधारण मापाच्या चाकाचा घेर सव्वादोन-अडीच मीटर धरला, तर ताशी 100 किलोमीटरला हे दबणं-उलगडणं सेकंदाला सुमारे 12 वेळा होतं. तार पुन्हापुन्हा वाकवली की वाकते तिथे गरम होते, तसंच हे. हवा जितकी कमी तितकी साइडवॉल जास्त वाकते, आणि जितकी जास्त वाकते तितकं रबर तापतं. वरून गाडी उंच आणि जड, मागे माणसं आणि सामान. रबर आणि आतले पोलादी पट्टे यांची पकड याच उष्णतेनं सुटत जाते, आणि एका क्षणी वरचा थर सालीसारखा निघून येतो. म्हणजे उष्णतेवर उपाय म्हणून जे सांगितलंय, तेच उष्णता वाढवतं.

हे कागदावरचं शास्त्र वाटत असेल तर फायरस्टोनचं प्रकरण आठवा. ऑगस्ट 2000 मध्ये अमेरिकेत फायरस्टोननं आपले सुमारे 65 लाख टायर परत बोलावले. त्यातले बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर या एसयूव्हीवर होते. भर वेगात टायरचा वरचा थर निघायचा आणि गाडी उलटायची. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्यानं या टायरांशी 271 मृत्यू जोडले. तक्रारींचा जोर उष्ण राज्यांमध्ये होता. चौकशीत टायरच्या रचनेतले दोष सापडले, त्यामुळे सगळं खापर हवेवर फोडता येणार नाही. पण हवेचा मुद्दा त्या वादात अगदी मध्यभागी होता. फोर्डनं त्या गाडीसाठी 26 पीएसआय सुचवला होता, आणि फायरस्टोनचं म्हणणं पडलं की 30 ठेवा.

यावर काका म्हणतील (म्हणालेच), की मग स्टिकरच चुकलं होतं ना, त्यावर विश्वास का ठेवायचा? काका, ते 26 कमी पडतं, चार वाढवा, असा तो वाद होता. तुमचा फॉरवर्ड सहा कमी करायला सांगतोय. शिवाय त्या प्रकरणानंतर त्याच वर्षी अमेरिकेत नवा कायदा झाला. टायरच्या चाचण्या कडक झाल्या, कमी हवेत टायर चालवून बघण्याची चाचणी आली, आणि गाडीत हवा कमी झाल्याचा दिवा बसवणं बंधनकारक झालं. तुमच्या-आमच्या डॅशबोर्डवरच्या त्या पिवळ्या दिव्याच्या मागे ही मेलेली माणसं आहेत.

त्या दिव्याचीही एक गोम आहे. अमेरिकी नियमाप्रमाणे तो स्टिकरच्या आकड्यापेक्षा 25 टक्के हवा कमी झाली की लागायला हवा. 36 च्या टायरला, म्हणजे ताईच्या गाडीत, तो 27 वर लागेल. ताईनं 30 केली, दिवा लागला नाही, आणि तिला वाटलं सगळं ठीक आहे. फॉरवर्डमधला आकडा असा नेमका दिव्याच्या नजरेतून निसटणारा आहे.

आणि पावसाचं काय? पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग सांगणारं एक जुनं सूत्र आहे, नासाच्या 1963 सालच्या अहवालातलं. पीएसआयमधल्या दाबाच्या वर्गमुळाला 9 नं गुणायचं, उत्तर नॉटमध्ये येतं. 36 पीएसआयला 54 नॉट, म्हणजे ताशी 100 किलोमीटर. 30 पीएसआयला साधारण 91. सूत्र विमानाच्या टायरांवरून काढलेलं आहे आणि साचलेल्या पाण्यासाठी आहे, त्यामुळे तुमच्या गाडीचा काटा अगदी तिथेच थांबणार नाही. पण हवा कमी केली की टायर लवकर तरंगतो, हा कल तोच राहतो.

या एका कलमावर इतकं लिहिलं, कारण बाकीच्यांतल्या बऱ्याचशांनी पैसे वाया जातील, यानं थेट माणूस जाईल. आता बाकीचे.

‘ऑल-सीझन म्हणजे निव्वळ फसवणूक, हायवेला दणकट ऑल-टेरेनच घ्या.’ यातलं पहिलं अर्धं वाक्य थोडंसं मान्य करावं लागेल, नाइलाजानं. ऑल-सीझन ही तडजोड आहे. कडक उन्हाळ्यात चांगला समर टायर तिच्यापेक्षा बरा थांबतो, आणि बर्फावर हिवाळी टायर. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) छापलेलं असेल तर त्यातून नक्षीच्या ठेवणीपलीकडे फारसं काही कळत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरच्या पकडीच्या चाचणीतून गेलेला असतो. बर्फाशी संबंध येणार असेल तर ते चिन्ह बघा, नसेल तर त्याच्यावाचून अडणार नाही. पण यावरून उडी थेट ऑल-टेरेनवर? मोठ्या गोट्या आणि रुंद खाचा या दगडमाती आणि चिखलासाठी असतात. हायवेवर त्या गुणगुणतात, वजन वाढवतात, इंधन खातात, आणि ओल्या डांबरावर थांबायला सहसा जास्त अंतर घेतात. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यानं जावं लागतं म्हणून बाकीचे सगळे दिवस हे सोसायचं का, ते ज्यानं त्यानं ठरवावं. हायवेच्या एसयूव्हीसाठी ‘एचटी’, म्हणजे हायवे-टेरेन नावाचा सरळ प्रकार मिळतो. आणखी एक: ऑल-टेरेनमध्ये पुष्कळदा ‘एलटी’ मापाचे, म्हणजे हलक्या ट्रकचे टायर गळ्यात मारले जातात. तेवढंच वजन पेलायला त्यांना नेहमीच्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. आता त्यात फॉरवर्डप्रमाणे सहा पीएसआय कमी करून बघा!

‘मापापुढचे आकडे-अक्षरं मार्केटिंग असतात, साइज जुळली की झालं.’ हे वाचून मला खरंच राग आला. समजा टायरवर 235/60 आर 18 103 एच असं आहे. 103 म्हणजे ठरलेल्या दाबाला एक टायर 875 किलो पेलतो. 100 असेल तर 800. चार चाकांचा फरक झाला 300 किलोंचा, म्हणजे पाच माणसं नाहीतर सुट्टीचं सगळं सामान. साइज तीच असूनही 100 चा टायर मिळू शकतो आणि तो स्वस्तही असेल. ‘एच’ म्हणजे ताशी 210 पर्यंतची चाचणी, ‘टी’ म्हणजे 190. ‘मी कुठे 210 नं जातो?’ हा प्रश्न ठरलेला. जाऊ नकाच. पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो याचीही खूण आहे, आणि भरलेल्या गाडीत तासन्‌तास एकाच वेगानं जाताना तीच कामाची. कंपनीच्या टायरवर जो आकडा आणि जे अक्षर आहे, त्याच्या खाली उतरू नका. वर गेलात तर बिघडत नाही.

रुंद टायर घेतले की पकड वाढते, असं चौथं कलम सांगतं. कोरड्या वळणावर थोडी वाढेल. साचलेल्या पाण्यात रुंद टायर लवकर तरंगतो, आणि इंधन जास्त लागतं. कंपनीचं माप ठेवा, विषय संपला.

‘दोनच नवे घेणार असाल तर पुढे लावा, कारण स्टिअरिंग आणि इंजिन पुढे असतं.’ हा समज इतका जुना आहे की जाणकार मेकॅनिकही बोलून जातात. नवे टायर मागे लावायचे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढचे पाण्यात घसरले तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की बहुधा पुन्हा हाताशी येते. मागचे घसरले तर शेपूट फिरते, आणि ओल्या हायवेवर ती सावरणं सराव असलेल्यालाही अवघड जातं. फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर दोन-दोन बदलण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. घेरातला फरक तिथे गिअरच्या यंत्रणेवर येतो, म्हणून बऱ्याच कंपन्या चारही एकदम बदलायला सांगतात.

सहावं कलम म्हणतं, साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरा, तो तापला तरी फुगत नाही. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन जरा हळू झिरपतो आणि त्यात ओलावा नसतो, इतकंच. तापल्यावर तोही फुगतो, जवळजवळ तितकाच. फुकट मिळाला तर भरा.

शेवटचं कलम: ‘ट्रेडवेअरचा आकडा सर्वात मोठा असलेला टायर घ्या, मग नक्षी आहे तोवर दहा-बारा वर्षं बघायला नको.’ ट्रेडवेअर हा टायर किती हळू झिजतो हे सांगणारा अमेरिकी पद्धतीचा तुलनात्मक आकडा आहे. सुमारे 11,600 किलोमीटरच्या चाचणीतल्या झिजेवरून अंदाज बांधून तो कंपनी स्वतःच देते. एकाच कंपनीच्या दोन टायरांत त्याचा उपयोग आहे, दोन कंपन्यांत फारसा नाही. शिवाय टिकाऊ रबर पुष्कळदा ओल्यात कमी पकडतं. त्यापेक्षा ओल्यातल्या पकडीची श्रेणी आधी बघा. युरोपी लेबलवर ती ए ते ई अशी असते.

वयाचं मात्र हे कलम साफ उलटं सांगतं. रबर उभ्या गाडीतही कडक होत जातं. साइडवॉलवर ‘डॉट’ (इंग्रजीत DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. बरेच गाडी-उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, आणि काही टायर कंपन्या दहा वर्षं ही शेवटची मर्यादा धरतात, नक्षी कितीही शिल्लक असो. हायवेवर बहुतेकांचे टायर त्याआधीच घासून गोटा होतात. वयाचा फटका बसतो तो स्टेपनीला. ताई, तुझ्या स्टेपनीवरचे ते चार अंक मला पाठव, आणि आज गाडी बाहेर काढायच्या आधी, टायर थंड असतानाच, हवा पुन्हा 36 वर आण.